तबकडीच्या दोन बाजू

आपल्याकडे गाणं म्हटलं की जलसा, शाहिरी, भीमगीत. ते आपल्या रक्ताचं आहे, त्याला कुणी हात लावायचं काम नाही. पण इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, केस वाढवलेले गोरे असं काही निघालं की आपला कार्यकर्ता तोंड वाकडं करतो. श्रीमंतांच्या पोरांचे चाळे म्हणतो आणि विषय संपवतो. मला हे पटत नाही. १९७२ साली आपल्या पोरांनी संघटनेला नाव दिलं ते सातासमुद्रापलीकडच्या काळ्या पँथरांवरून दिलं. दूरचं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे आपल्याला कळतं. तेव्हा दोस्तहो, मी आज एका इंग्रजी गाण्याचा इतिहास मांडतोय. गाणं पिंक फ्लॉईड नावाच्या मंडळींचं. नाव ‘अनदर ब्रिक इन द वॉल’, भाग दुसरा. साल १९७९. भिंतीतली आणखी एक वीट, असा त्या नावाचा अर्थ. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निम्मे शब्द कळले नव्हते. पोरांचा कोरस मात्र कळला. पोरं चिडलेली आहेत एवढं कळायला इंग्रजी लागत नाही.

आधी तबकडीचा हिशेब सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मोठी तबकडी मिनिटाला साधारण ३३ फेरे फिरायची, तिच्या एकेका बाजूवर वीसेक मिनिटं मावायची. छोटी तबकडी ४५ फेऱ्यांची, एका बाजूला एकच गाणं. तिला सिंगल म्हणतात. आता १९६० नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या रॉकवाल्यांनी मोठ्या तबकडीवर सुटी सुटी गाणी भरायच्या ऐवजी एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली. एक नायक, त्याचं आयुष्य, गाणी ओळीने लावलेली. याला ते कन्सेप्ट अल्बम म्हणतात. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. आपल्या तमाशात वग असतो आणि वगातली गाणी मागंपुढं केली तर गोष्ट मोडते. तसंच हे. पण चार बाजूंची गोष्ट विकत घ्यायला लोक कसे येणार? म्हणून आधी एक सिंगल सोडायची. गावात तमाशा यायच्या आधी कर्णा लावलेली गाडी फिरते ना, तशी ही सिंगल. गोष्टीची दवंडी.

द हू नावाच्या मंडळींनी १९६९ च्या मार्चमध्ये ‘पिनबॉल विझर्ड’ अशीच सोडली आणि मे महिन्यात ‘टॉमी’ ही आख्खी गोष्ट आणली. त्यात नायक आंधळा, बहिरा, मुका पोरगा आहे. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस या जोडीने १९६९ च्या अखेरीला ‘सुपरस्टार’ नावाची सिंगल काढली, आणि येशूची ती पूर्ण कथा १९७० साली आली. त्या सिंगलमध्ये प्रश्न कोण विचारतो? यहूदा. ज्याला सगळ्यांनी गद्दार ठरवलं, त्याच्या तोंडून देवाला जाब. हे मला फार आवडतं, त्यावर वेगळं लिहिता येईल. आज भिंतीपाशी थांबू.

‘द वॉल’ नावाची ती गोष्ट दोन मोठ्या तबकड्यांची. ३० नोव्हेंबर १९७९ ला इंग्लंडात बाहेर आली. तिची सिंगल त्याच नोव्हेंबरात निघाली. पिंक फ्लॉईडने १९६८ नंतर इंग्लंडात एकही सिंगल काढलेली नव्हती. आम्ही सिंगलवाले नाही असा त्यांचा तोरा होता. गोष्ट लिहिली रॉजर वॉटर्स या त्यांच्यातल्याच गड्याने. याचा बाप शाळामास्तर, आईसुद्धा शिक्षिका. बाप एरिक वॉटर्स फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मेला, तेव्हा पोरगा पाच महिन्यांचा होता. पुढे हा केंब्रिजच्या मुलांच्या शाळेत शिकला आणि त्या शाळेतल्या काही मास्तरांचा राग त्याने आयुष्यभर धरला. १९७७ च्या जुलैत कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टेडियमवर कार्यक्रम चालू असताना पुढं गोंधळ घालणाऱ्या एका प्रेक्षकावर तो थुंकला. मग स्वतःलाच विचारायला लागला, की माझ्यात आणि ह्या माणसांत एवढी भिंत आली कुठून? त्या प्रश्नातून ही गोष्ट निघाली.

गोष्टीचा नायक पिंक. बाप लढाईत गेला, ती पहिली वीट. शाळेतल्या मास्तराने ठेचलं, ती दुसरी. आईने पंखाखाली घेऊन घेऊन गुदमरवलं, ती पुढची. मोठा होऊन तो रॉकचा हिरो होतो, बायको सोडून जाते, आणि भिंत पुरी होते. तो आत एकटा. आत सडता सडता तो हुकूमशहा व्हायची स्वप्नं बघतो, फॅसिस्टांसारखा वेश करतो. शेवटी त्याच्या डोक्यातच खटला भरतो आणि निकाल लागतो की भिंत पाडा. सगळ्यात शेवटी एक अर्धवट बोललेलं वाक्य येतं, त्याचा उरलेला तुकडा पहिल्या बाजूच्या अगदी सुरुवातीला आहे. म्हणजे भिंत पडली तरी चक्र पुन्हा फिरणार. हा माणूस भाबडा नव्हता.

आता सिंगलकडे बघा. तिच्या पुढच्या बाजूला शाळेचं गाणं. आणि पाठीमागं? ‘वन ऑफ माय टर्न्स’ नावाचं गाणं, गोष्टीत फार पुढं येणारं. त्यात तो मोठा झालेला पिंक हॉटेलच्या खोलीत एका बाईसमोर बिथरतो आणि सामानाची तोडफोड करतो. एका बाजूला वर्गातली पोरं, तबकडी उलटी केली की त्यांच्यातलाच एक, वाया गेलेला. पाच-सात मिनिटांत आख्खी गोष्ट हातात येते, मधली गाणी न ऐकता. हे ठरवून केलं की कंपनीच्या सोयीने झालं यात मी पडत नाही. तबकडी हातात आहे आणि तिला दोन बाजू आहेत. लोकांनी मात्र एकच बाजू वाजवली.

आणि ती बाजू कशी बनली तेही ऐकण्यासारखं आहे. वॉटर्सचं मूळ गाणं एवढंसं होतं. एक कडवं, एक ध्रुवपद, सव्वा-दीड मिनिटात खलास. बॉब एझ्रिन हा त्यांचा निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा कारभारी. तो म्हणाला हे सिंगल म्हणून चालेल, लांबवा. ही मंडळी म्हणाली आम्ही लांबवणार नाही. त्याने त्यांच्या मागे टेपच कापली, तोच भाग पुन्हा जोडला, खाली त्या काळच्या डिस्कोचा ठेका होताच. मी गिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो, तुटलेलं सूत जोडणं हा माझा धंदा. बोटांनी पीळ दिला आणि सांधा दिसला नाही की काम फत्ते. एझ्रिनने तेच केलं. पण जोडलेल्या भागात पुन्हा तेच कडवं तोच माणूस गाणार म्हणजे कंटाळा. मग त्याच्या डोक्यात आलं की इथं पोरं गातील. याआधी १९७२ साली अॅलिस कूपरच्या शाळा सुटल्याच्या गाण्यात त्याने पोरांचे आवाज वापरले होते.

त्या वेळी ही मंडळी लंडनमध्ये नव्हती. पैसे गुंतवून बुडाले होते, वर इंग्लंडचा कर चुकवायचा होता, म्हणून वर्षभर देशाबाहेर राहून फ्रान्स आणि अमेरिकेत ध्वनिमुद्रण चाललं होतं. भिंतीविरुद्ध गाणारे कर चुकवायला परदेशी. हसू येतं, पण खरं आहे. त्यांचा स्वतःचा स्टुडिओ लंडनच्या इस्लिंग्टन भागात होता. तिथं निक ग्रिफिथ्स नावाचा इंजिनियर होता, त्याला निरोप गेला की पोरांचे आवाज भरून पाठव. तो जवळच्याच इस्लिंग्टन ग्रीन या शाळेत गेला. तिथले संगीताचे मास्तर अॅलन रेनशॉ. जुन्या चाकोरीतला माणूस नव्हे. त्यांनी २३ पोरं गोळा केली, तालीम घेतली आणि चालत चालत स्टुडिओत नेली. मुख्याध्यापिकेला आधी विचारलंसुद्धा नाही. पोरांकडून तेच कडवं पुन्हा पुन्हा गाऊन घेतलं, एकावर एक चढवलं, आणि २३ पोरांची शंभरेक पोरं केली. गाण्यातली भाषा बघा. एकाच वाक्यात दोनदा नकार येतो. व्याकरणाच्या मास्तराने लाल पेन काढावा अशी इंग्रजी. पण कामगारवस्तीत असंच बोलतात आणि त्या पोरांच्या तोंडात ती बरोबर बसली. टेप अमेरिकेत पोचली. ऐकून वॉटर्सचा चेहरा पालटला असं एझ्रिनने नंतर सांगितलंय.

सिंगल १९७९ च्या नाताळात इंग्लंडात पहिल्या नंबरावर होती, पाच आठवडे. १९८० च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतही पहिली. लंडनच्या शिक्षण खात्याचे लोक खवळले. शाळेची बदनामी, पोरं बिघडणार वगैरे. त्या पोरांना गाण्याच्या चित्रफितीतही दिसू दिलं नाही. आवाज त्यांचा आणि ओठ हलवायला दुसरी पोरं आणली.

आता मला खरं जे बोलायचंय ते. आपल्याला हे गाणं परवडतं का? बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरला जो मंत्र दिला, त्यात पहिला शब्द शिक्षणाचा आहे. सातारच्या शाळेत ते घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसले. आपल्याला भिंत समजावून सांगायला रॉकवाला लागत नाही. आपली भिंत वर्गाच्या आत होती आणि आपण तिच्या बाहेर होतो. शिक्षण ज्यांना पिढ्यानपिढ्या मिळालं त्यांच्या पोराने शिक्षणाला लाथ मारावी आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, हे कसं चालेल? हा प्रश्न मला आमच्याच वस्तीतल्या एका मित्राने विचारला. तो रास्त आहे. घाईने उडवून लावण्यासारखा नाही.

मी त्याला जोतीरावांकडे नेलं. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यात त्यांनी शाळा नको म्हटलं नाही. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणाले. पण त्याच निवेदनात त्यांनी तेव्हाच्या शिक्षणाचं पार वस्त्रहरण केलं. शेतकऱ्याच्या पट्टीतून पैसा गोळा होतो आणि वरच्या जातींच्या पोरांच्या शिक्षणावर उडतो, मास्तर सगळे भट, ते बहुजनांच्या पोरांत मिसळत नाहीत, मास्तर शेतकऱ्यांतून घ्या. शिक्षण हवं, पण पोराला मान खाली घालायला शिकवणारं नको. मागणी आणि नकार एकाच कागदावर. माझं म्हणणं एवढंच की गाण्यातल्या पोरांचा नकार या कागदाच्या उजेडात ऐका.

आणि कुणाला वाटेल हे ओढूनताणून आणलं, तर दक्षिण आफ्रिकेकडे बघा. तिथल्या वर्णभेदी राजवटीने १९५३ साली बांटू शिक्षणाचा कायदा केला. काळ्या पोरांना वेगळ्या शाळा, वेगळा अभ्यास, आणि तो अभ्यास गोऱ्यांकडे मजुरी करण्यापुरता. हे काही छुपं नव्हतं, मंत्री व्हेरवूर्ड उघड बोलत होता. १९६३ साली ज्यांना ते ‘कलर्ड’ म्हणायचे त्या मिश्रवर्णीयांच्या शाळासुद्धा अशाच वेगळ्या खात्याखाली टाकल्या. १६ जून १९७६ ला सोवेटोची पोरं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. मग १९८० च्या एप्रिलमध्ये केप टाऊनकडच्या मिश्रवर्णीय शाळांतल्या पोरांनी बहिष्कार पुकारला. पुस्तकं नाहीत, इमारती मोडक्या, गोऱ्या पोरावर जेवढा खर्च त्याच्या मानाने यांच्यावर किरकोळ. शाळाशाळांचे प्रतिनिधी जमले, त्यांची कमिटी ऑफ ८१ झाली. त्याच दिवसांत तिथले मटण कारखान्याचे कामगार संपावर गेले. पोरांनी त्यांच्यासाठी मटणावर बहिष्कार घालायचं आवाहन केलं. शाळेचा आणि कारखान्याचा लढा एका रस्त्यावर आला. हे मला गिरणीवाला म्हणून फार मोठं वाटतं.

त्या पोरांच्या तोंडात कुठलं गाणं होतं? हेच. रेडिओवर वाजत होतं, दुकानात मिळत होतं, तिथंही वरच्या नंबरावर होतं. इस्लिंग्टनच्या २३ पोरांनी गायलेला कोरस केपच्या पोरांनी उचलला आणि स्वतःचा केला. त्यांना पिंक माहीत असण्याची गरज नव्हती, त्याचा बाप, त्याची बायको, काही नाही. सिंगल ज्या गोष्टीची दवंडी म्हणून निघाली ती गोष्ट त्यांनी बाजूला ठेवली आणि दवंडीच घेतली. मे १९८० मध्ये सरकारने त्या गाण्यावर बंदी घातली, ‘द वॉल’ वरही घातली. ती पोरं शिक्षणाच्या विरुद्ध होती का? ती चांगल्या शिक्षणासाठीच शाळेबाहेर बसली होती. मे-जून महिन्यांत केप टाऊनच्या वस्त्यांत पोलिसांच्या गोळ्यांनी माणसं मेली, त्यात शाळकरी पोरंही होती. माझ्या मित्राचा प्रश्न तिथल्या पोरांनी रस्त्यावरच सोडवला, असं मी त्याला सांगितलं. तो अजून पुरता पटलेला नाही. भांडण चालू आहे.

गोष्टीतल्या मास्तराबद्दल थोडं. ‘द वॉल’ मध्ये शाळेच्या गाण्याआधी एक छोटं गाणं येतं. त्यात कळतं की वर्गात पोरांना सोलून काढणारा हा मास्तर घरी बायकोकडून मार खातो. म्हणजे वरून आलेला मार तो खाली सरकवतो. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले तिचा पीळ असाच असतो. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणाचा तरी पाय आणि पायाखाली कुणाचं तरी डोकं. १९८२ साली अॅलन पार्करने याचा सिनेमा केला. त्यात मास्तर पिंकची कविता वर्गात मोठ्याने वाचून त्याची टिंगल करतो आणि छडी मारतो. मग मुखवटे घातलेली पोरं ओळीने चालत जाऊन मांसाच्या यंत्रात पडतात आणि खालून खिमा निघतो. मी तो भाग दोनदा पाहिला. आमच्याही वर्गात एका गुरुजीने माझी वही अशीच वर धरली होती आणि कविता करायला लागले हे लोक, असं म्हणाला होता. ‘हे लोक’ म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिंकला मास्तराने कवी म्हणून हिणवलं, मला कशासाठी ते वेगळं सांगायला नको. इथं गोऱ्याची गोष्ट आणि माझी गोष्ट वेगळी होते.

आणखी एक खटकतं ते बोलून टाकतो. या गोष्टीत बाया सगळ्या विटाच आहेत. आई गुदमरवणारी, बायको सोडून जाणारी, मास्तरीण नवऱ्याला बडवणारी, हॉटेलातली ती बाई नुसती घाबरायला. युद्धात नवरा गमावून एकटीने पोरं वाढवलेल्या बाईची बाजू वॉटर्सला एका ओळीत मांडता आली असती. मांडली नाही. एवढी मोठी भिंत बांधली आणि आईला विचारायचं राहिलं. आपल्या लिखाणातही हा रोग आहे, मी दुसऱ्याकडे बोट दाखवतोय असं नाही.

मजुरीचा हिशेब आता. १९८०-८१ साली या मंडळींनी लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, लंडन आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडला कार्यक्रम केले. वाजवता वाजवता रंगमंचावर पुठ्ठ्याच्या विटांची खरोखरची भिंत उभी राहायची आणि शेवटी कोसळायची. खर्च इतका की मालक तोट्यात गेले. रिचर्ड राइट या त्यांच्या जुन्या साथीदाराला ध्वनिमुद्रणाच्या वेळीच काढून टाकलं होतं आणि कार्यक्रमांपुरतं पगारावर ठेवलं होतं. त्या कार्यक्रमांत पैसे सुटले ते फक्त त्याला, कारण तो मजूर होता. गिरणीत हे सांगितलं तर जॉबरसुद्धा हसला.

पण पोरांचं काय? त्या २३ जणांना काय मिळालं? तबकडी मिळाली, कार्यक्रमाची तिकिटं मिळाली. शाळेला १००० पौंड मिळाले. त्या तबकडीचे इंग्लंडातच दहा लाखांवर नग खपले. करारावर पोरांची नावं नव्हती, हिस्सा नव्हता. कुणी फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण त्या वेळच्या रीतीने सगळं कायदेशीर होतं. आमच्याकडे जादा पाळीचे पैसे एकदा असेच गेले होते, वहीत नाव नव्हतं म्हणून. मला त्या पोरांबद्दल आपुलकी वाटते ती यामुळे. १९९६ साली ब्रिटनच्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला आणि गाणं नभोवाणीवर वाजलं की त्यात आवाज देणाऱ्यालाही हिस्सा मागता येऊ लागला. तोवर ती पोरं पांगली होती. रॉयल्टीचं काम बघणाऱ्या एका माणसाने त्यांचा माग काढायला सुरुवात केली आणि २००४ साली दावा दाखल झाला. २१ जुलै १९९० ला बर्लिनची भिंत पडलेल्या जागी वॉटर्सने ही सगळी गोष्ट पुन्हा उभी केली होती, लाखोंची गर्दी होती, शाळेचं गाणं झालंच. त्या गर्दीत इस्लिंग्टनच्या वर्गातलं कुणी होतं की नाही कुणी मोजलं नाही.

दावा दाखल झाला तेव्हा ती पोरं चाळिशीला टेकली होती. एकावर एक चढवलेल्या त्या आवाजात आपला आवाज होता हे सांगायला आधी त्यांना एकमेकांना शोधावं लागलं.